खिशातले राज्य

जालन्याच्या सराफ्यात जुना जिन्नस मोडायला आलेली माणसे आपण सर्वांनीच पाहिली आहेत. तराजूत वाळे पडतात, तोडे पडतात, कधी चारमिनारचे चित्र असलेले पाचसहा रुपये पडतात आणि क्वचित एखादे साखळीचे घड्याळही पडते. सराफ घड्याळाचे झाकण उघडतो, आतले यंत्र काढून बाजूला ठेवतो आणि चांदीचे कवच तेवढे तोलतो. त्याचा व्यवहार चोख असतो, त्याला दोष देण्याचे कारण नाही. पण त्या तराजूत चांदीबरोबर आपला इतिहासही तोलला जातो आणि त्याची किंमत मात्र कोणी मांडत नाही. आज आम्ही बोलणार आहोत ते या दोन वाटोळ्या वस्तूंविषयी. एकेकाळी माणसाच्या बंडीच्या खिशात त्या शेजारी शेजारी असत आणि दोहोंवरही कोणी ना कोणी आपल्या राज्याची, पक्षाची वा मताची द्वाही फिरवून घेतलेली असे.

घड्याळ हे वेळ पाहण्याचे साधन. त्याचा राजकारणाशी काय संबंध, असा प्रश्न साहजिक आहे. परंतु थोडा विचार करावा. भिंतीवरची घोषणा माणूस येताजाता पाहतो. देवडीवरचे फर्मान एकदा वाचतो. खिशातले घड्याळ तो दिवसातून वीस वेळा स्वतःच्या हाताने बाहेर काढतो आणि डोळ्यांसमोर धरतो. त्याला तबकडी आहे, झाकण आहे, पाठ आहे. म्हणजे चित्र काढायला आणि अक्षरे कोरायला तीन जागा आहेत. शिवाय ते चारचौघांत काढले म्हणजे शेजाऱ्यालाही दिसते. इतके सोयीचे साधन प्रचारकांच्या नजरेतून सुटणे शक्य नव्हते.

प्रथम हा मान राजेलोकांकडे गेला, कारण घड्याळ महाग होते. जिनिव्हाचे कारागीर मिनाकामात निष्णात. एकोणिसाव्या शतकात आपल्या देशातील अनेक संस्थानिकांनी स्वतःची छबी किंवा राजचिन्ह घातलेली घड्याळे युरोपातून करवून आणली आणि मर्जीतल्या माणसांना नजर केली. पूर्वी खिलतीची वस्त्रे देत, शिरपेच देत. त्याच परंपरेत हे घड्याळ बसले. खिलत पेटीत राहते, घड्याळ रोज बरोबर असते, एवढाच फरक. ज्याच्या खिशात महाराजांची तसबीर टिकटिकते, तो महाराजांचा माणूस, हे सांगण्यास दुसरा पुरावा नको.

राजांनंतर क्रांतिकारकांची पाळी आली. १७९३ साली फ्रान्सच्या क्रांतिकारी सरकारने काळालाच नवे माप लावले. दिवसाचे दहा तास, तासाची शंभर मिनिटे, मिनिटाचे शंभर सेकंद असा कायदा झाला. दहा आकड्यांच्या तबकडीची घड्याळे निघाली. त्यांवर स्वातंत्र्याची टोपी आणि क्रांतीची इतर चिन्हे रंगवलेली असत. कित्येक घड्याळांवर नवे दहा आणि जुने बारा असे दोन्ही आकडे एकाच तबकडीवर आढळतात. कारागीर सावध होता, असे यावरून दिसते. १७९५ च्या एप्रिलमध्ये सरकारला हा कायदा स्थगित करावा लागला. राजाचे मस्तक उडवणे त्या सरकारला जमले, पण लोकांच्या खिशातली बारा आकड्यांची घड्याळे बदलवणे जमले नाही.

यानंतर घड्याळ गरिबाच्या खिशापर्यंत पोचले. जॉर्ज फ्रेडरिक रोस्कोफ नावाच्या कारागिराने स्वित्झर्लंडमध्ये कमी भागांचे, साधे, टिकाऊ घड्याळ बनवले. किंमत वीस फ्रँक ठेवायची, म्हणजे मजुराला ते घेता यावे, असा त्याचा संकल्प होता. १८६७ च्या पॅरिस प्रदर्शनात त्याला पदकही मिळाले. पुढे याच जातीच्या स्वस्त घड्याळांच्या तबकड्यांवर कामगार चळवळीची मागणी छापली गेली: आठ तास काम, आठ तास विश्रांती आणि उरलेले आठ तास माणसाचे स्वतःचे. १८८९ साली पॅरिसला भरलेल्या समाजवादी परिषदेने पुढल्या वर्षीच्या १ मे रोजी सर्वत्र आठ तासांची मागणी करण्याचे ठरवले होते. त्या मागणीचे घड्याळ कामगाराच्या खिशात असावे, यात औचित्यही होते. तंटा वेळेचाच होता.

आपल्याकडे काय चालले होते? नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईच्या गिरणी कामगारांची सभा भरवली आणि साडेपाच हजार सह्यांचे निवेदन सरकारच्या कमिशनपुढे ठेवले. रविवारी सुटी असावी, दुपारी अर्धा तास विसावा मिळावा, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच काम असावे, या त्यातल्या मागण्या. १० जून १८९० रोजी रविवारची सुटी मान्य झाली. म्हणजे युरोपात पहिला मे दिन पाळला गेला त्यानंतर सहाच आठवड्यांत. परंतु एक भेद ध्यानात घ्यावा. त्या निवेदनात कामाची सुरुवात घड्याळाने सांगितली आहे आणि शेवट सूर्याने. सही करणाऱ्या बहुतेकांजवळ घड्याळ नव्हतेच. त्यांचे घड्याळ म्हणजे गिरणीचा भोंगा आणि तो होता मालकाच्या हातात. ज्याच्या हातात वेळ मोजण्याचे साधन, त्याच्या हातात मजुराचा दिवस, ही गोष्ट लोखंड्यांनी नेमकी ओळखली होती.

मुंबईने या संबंधात आणखी एक विलक्षण धडा दिला आहे. १ जानेवारी १९०६ पासून हिंदुस्थान सरकारची प्रमाणवेळ सुरू झाली. ती मुंबईच्या स्थानिक वेळेपेक्षा ३९ मिनिटे पुढे. बंगालच्या फाळणीने वातावरण तापलेले. त्यात हे घड्याळाचे फर्मान आले. काही गिरण्यांतील कामगारांनी नव्या वेळेला उघड विरोध केला, कारण त्यांच्या दृष्टीने याचा अर्थ पाऊण तास आधी उठणे एवढाच होता. मुंबईच्या नगरपालिकेने आपली घड्याळे मुंबई वेळेवरच ठेवण्याचा निर्णय घेतला. एकाच शहरात स्टेशनच्या घड्याळात एक वाजलेला आणि पालिकेच्या घड्याळात बारा वाजून एकवीस मिनिटे, असा प्रकार चालू राहिला. मुंबई वेळ अखेर संपली ती १९५५ साली. म्हणजे ज्या सरकारला ती विरोध करत होती, ते जाऊन आठ वर्षे झाल्यावर! आमच्या मते घड्याळाने केलेल्या राजकीय प्रचाराचे हे आपल्याकडचे सर्वांत मोठे उदाहरण होय. त्यात तसबीर नाही, घोषवाक्य नाही. काटे ३९ मिनिटे मागे ठेवले की झाले.

आता मुंबई सोडून आपल्या गावी येऊ.

जालना तेव्हा निजामाच्या राज्यात, औरंगाबाद जिल्ह्यात होते. स्वतंत्र जिल्हा झाला तो १ मे १९८१ रोजी. 'जालना सोने का पालना' ही म्हण ज्या बाजारपेठेने मिळवली, तिच्यात १९०० च्या सुमारास मनमाड-हैदराबाद रेल्वे आली आणि स्टेशनच्या वेळेबरोबर साखळीचे घड्याळही व्यापाऱ्याच्या खिशात आले. ते स्विस यंत्राचे असे. १८८६ साली मुंबईत सुरू झालेली वेस्ट एंड कंपनी असली घड्याळे विकी. त्यांतल्या एकाचे नावच 'सोवार', म्हणजे घोडेस्वार. पलटणीतल्या शिपायाला ते आपले वाटावे हा त्यामागचा हिशेब. नाव ठेवणे हाही प्रचारच. पण निजामाने आपल्या राज्याची द्वाही फिरवण्यासाठी मुख्यतः वापरली ती घड्याळाची शेजारीण: रुपयाची नाणी.

ही नाणी वाचता आली पाहिजेत. १७२४ साली, येथून जवळच, आजच्या बुलढाणा जिल्ह्यातील साखरखेर्ड्याच्या लढाईत निजामाने मुबारिजखानाचा पराभव केला आणि तो दक्षिणेत व्यवहारतः स्वतंत्र झाला. तरीही त्याच्या घराण्याच्या नाण्यांवर नाव राहिले दिल्लीच्या बादशहाचे; तेही थोडेथोडके नव्हे, १८५७ च्या उठावात बादशाही बुडेपर्यंत, सव्वाशे वर्षांहून अधिक काळ. याबद्दल निजामाला हसण्याचे आपल्याला कारण नाही. शिवछत्रपतींनी स्वतःच्या नावाचे, देवनागरी अक्षरांचे नाणे पाडले. पण पुढे पेशवाईतल्या टांकसाळींतून निघणाऱ्या रुपयांवर बादशहाचेच नाव असे. बाजार जुन्या तोंडवळ्याच्या नाण्यावर विश्वास ठेवतो, हे दोघांनाही ठाऊक होते. बादशाही गेल्यावर हैदराबादच्या नाण्यावर 'निजाम-उल-मुल्क आसफजाह' आले. विसाव्या शतकाच्या आरंभी चारमिनारचे चित्र आले. त्या चारमिनारच्या कमानीत एक बारीक अक्षर आहे. महबूब अलीखानाच्या रुपयावर ते 'मीम' आहे आणि १९११ साली गादीवर आलेल्या उस्मान अलीखानाच्या रुपयावर 'ऐन'. राजाची छबी नाही, नुसते नावाचे आद्याक्षर. पण ते राजधानीच्या दरवाजात उभे आहे.

हा रुपया हाली सिक्का म्हणून चाले. मनमाडला गेले की इंग्रजांचा कलदार लागे आणि सात हाली दिले म्हणजे सहा कलदार मिळत. आमच्या आजोबांच्या पिढीला हा भाव तोंडपाठ होता. पण सातास सहा का? दोन्ही चांदीचेच, दोन्हींवर सरकारी शिक्का. उत्तर नाण्याच्या तोंडावर नाही, पोटात आहे. हाली रुपया ११.१८ ग्रॅमचा, त्यात हजारी ८१८ भाग शुद्ध चांदी, कलदार ११.६६ ग्रॅमचा, त्यात हजारी ९१७ भाग. हिशेब करून पाहावा. सात हालीत शुद्ध चांदी भरते सुमारे ६४ ग्रॅम आणि सहा कलदारांतही तितकीच. दुसऱ्या महायुद्धात दोन्ही सरकारांनी रुपयातली चांदी निम्म्यावर आणली. चारमिनार तसाच राहिला, ऐन तसाच राहिला, पोट मात्र रिते झाले. तोंडावरून राज्य बोलते. खरे काय ते पोट सांगते. हेच सूत्र घड्याळाला लावता येते आणि आज ते लावण्याची निकड का आहे, ते आता सांगतो.

काही वर्षांपूर्वी या जिल्ह्यातल्या एका घरी आम्हांस आग्रहाने बोलावणे आले. घरातील वडील माणूस निवृत्त शिक्षक. त्यांच्या वडिलांनी मुक्तिसंग्रामाच्या दिवसांत सरहद्दीवरच्या शिबिरात निरोप पोचवण्याचे काम केले होते. देवघराशेजारच्या कपाटातून त्यांनी मखमली डबी काढली. आत साखळीचे घड्याळ. तबकडीवर नेताजींची लष्करी वेषातली छबी, वर 'जय हिंद' आणि खाली १९४३ चा आकडा. घरातली पोरे भोवती जमली. "आजोबांना हे आझाद हिंदच्या माणसाने दिले," असे गुरुजींनी सांगितले. आम्ही परवानगी घेऊन पाठचे झाकण उघडले. यंत्रावर रशियन लिपीत कोरले होते 'मोल्निया'.

मोल्निया हा चेल्याबिन्स्क येथील घड्याळांचा कारखाना. तो सुरू झाला १९४७ च्या अखेरीस. आझाद हिंद सरकार स्थापन झाले २१ ऑक्टोबर १९४३ ला, सिंगापुरात. जे यंत्र अजून जन्मलेच नव्हते, ते त्या साली कोणाच्या खिशात असणार? भिंग लावल्यावर बाकीचेही दिसले. छबीचा रंग मूळ आकड्यांवर चढलेला होता आणि कडेला जुन्या आकड्यांची टोके डोकावत होती.

सांगावे की नाही, या विचारात आम्ही होतो. इतक्यात गुरुजींच्या वृद्ध आत्याबाई आतून आल्या. त्या म्हणाल्या, "अरे, दादाचं घड्याळ ते नव्हेच. त्याच्यावर चित्र नव्हतं काही. पांढरं होतं साधं. बहात्तरच्या दुष्काळात ते विकलं अन् ज्वारी आणली. तू तेव्हा नोकरीला परगावी होतास. हे तर तुझ्या धाकट्यानं मागाहून मुंबईहून आणलंय." गुरुजी पुष्कळ वेळ बोलले नाहीत. मग त्यांनी विचारले, "म्हणजे दादांचं काम खोटं का?" आत्याबाई म्हणाल्या, "काम खोटं कसं असेल? मी भाकरी बांधून देत होते."

श्रोतेहो, एवढ्या एका वाक्यात इतिहासाचा पुरावा कशाला म्हणावे, ते येऊन गेले. आत्याबाईंची साक्ष खरी, रंगवलेली तबकडी खोटी. आणि खोट्या तबकडीच्या आधाराने आपण खऱ्या माणसाला उभे करू पाहत होतो. उद्या कोणी जाणकार येऊन झाकण उघडील आणि घड्याळाबरोबर त्या माणसाचे कामही खोटे ठरवून जाईल, हा त्यातला धोका आहे. त्या दिवशी गुरुजींनी आत्याबाईंची सगळी हकीकत वहीत उतरवून घेतली. डबीपेक्षा ती वही मोलाची आहे, असे आम्ही त्यांना सांगितले आणि ते त्यांना पटले.

अशा रंगवलेल्या घड्याळांचा बाजार आज मोठा आहे. जुने यंत्र घ्यावे, तबकडीवर गिऱ्हाइकाच्या मनातले दैवत छापावे आणि जुने म्हणून विकावे, एवढाच उद्योग. नेताजी, गांधीजी, चरखा, परदेशी गिऱ्हाईक असेल तर लेनिन किंवा हिटलरसुद्धा. दुकानदाराला सर्व सारखे. गंमत अशी की अस्सल प्रचारी घड्याळांचीही कथा पुष्कळदा हीच आहे. मोल्नियाच्या झाकणांवर सोव्हिएत वैभवाची चित्रे असत. आतले यंत्र स्वित्झर्लंडच्या कोर्तेबेर कंपनीच्या नमुन्यावरून घेतलेले. राजाची छबी असो की कामगाराची घोषणा, आतली चाके बहुधा त्याच डोंगराळ मुलखातली.

आणि ज्या घड्याळाने या देशात सर्वांहून अधिक प्रचार केला, त्यावर चित्र मुळीच नव्हते. गांधीजींच्या कमरेला लटकणारे घड्याळ साऱ्या जगाने छायाचित्रांत पाहिले आहे. त्यांचे झेनिथ घड्याळ इंदिराजींनी दिलेले. १९४७ साली कानपूरच्या स्टेशनवर ते चोरीस गेले आणि पुढे चोराने स्वतः आणून परत केले. अंगावर खादी आणि कमरेला स्विस घड्याळ, यात विसंगती कोणी काढली तर काढो. या देशात तेव्हा घड्याळ होतच नव्हते. एचएमटीची घड्याळे १९६१ पासून आली, तीही जपानच्या सिटिझन कंपनीच्या साहाय्याने. गांधीजींनी घड्याळाकडून एकच काम करून घेतले. सभा वेळेवर सुरू झाली पाहिजे आणि वेळेवर संपली पाहिजे. लोकांचा वेळ हा सार्वजनिक पैशासारखा आहे, तो उधळू नये, हा उपदेश त्या बिनचित्राच्या तबकडीने केला. २००९ साली न्यूयॉर्कला ते घड्याळ, चष्मा, चपला आणि ताटवाटी यांचा लिलाव १८ लाख डॉलरला झाला. त्या घड्याळाची पाठ उघडून पाहावी. तेथे सापडेल ते नुसते एक चांगले गजराचे यंत्र. बाकीची किंमत ज्याने ते वापरले त्याची.

आता शेवटची विनंती. आपल्या ट्रंकांतून, माळ्यांवरून अशा वस्तू अजून आहेत. निजामाचा रुपया दिसला की काहींना संताप येतो आणि ते स्वाभाविक आहे. १७ सप्टेंबर १९४८ पूर्वीचे दिवस ज्यांच्या घराने भोगले, त्यांना तो चारमिनार गोड कसा वाटावा? पण संतापाने मोडीत घातलेला रुपया आणि भक्तीने विकत घेतलेली रंगीत तबकडी, दोहोंनी नुकसान एकच होते. एक खरा पुरावा जातो आणि दुसरा खोटा येतो. म्हणून काही साधे नियम पाळावेत. नाणे चिंचेने घासून चकचकीत करू नये, अक्षरे झिजतात. घड्याळ चावी देऊन बळेच चालवू नये. जाणत्या कारागिराकडून पाठ उघडवून यंत्रावरचे नाव आणि आकडा लिहून घ्यावा. तबकडीवरचे साल आणि यंत्राचे वय यांचा मेळ बसतो की नाही, ते पाहावे. भाजलेल्या पांढऱ्या मिन्याच्या तबकडीला बारीक भेगा पडतात, पण तिचा रंग पोपडे होऊन सुटत नाही. सुटला तर संशय घ्यावा. आणि सर्वांत आधी, घरातल्या सर्वांत वृद्ध माणसाला विचारावे की ही वस्तू घरात कधी आली, कोणी आणली. ते उत्तर त्याच दिवशी, नाव आणि तारीख घालून, कागदावर उतरवावे. यंत्र शंभर वर्षे थांबेल. सांगणारे माणूस थांबणार नाही.

मोडावीच लागली वस्तू, तर मोडा. बहात्तर साली त्या घराने घड्याळ विकून ज्वारी आणली, हे त्यांनी योग्यच केले. पोरे जगली म्हणून आज ती हकीकत सांगायला कोणी आहे. मात्र सराफाच्या तराजूत टाकण्यापूर्वी तिच्या दोन्ही बाजूंचे चित्र उतरवून घ्या आणि खाली लिहा: आमच्या घरी हे होते, अमक्या साली, अमक्या कारणाने विकले.

घड्याळाकडे पाहून बोलण्याचा आजचा विषय असल्यामुळे वेळेची मर्यादा मोडणे आम्हांस शोभणार नाही.